वीतभर उंचीवरचा ध्रुव

जूनच्या ७ किंवा ८ तारखेला मृग लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यात ही तारीख ठाऊक नाही असं शेतकऱ्याचं घर सापडायचं नाही. मृगाचा पेरा साधला तर साल बरं जातं, हे शाळेतलं पोरही सांगतं. पण त्याच घरातून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला विचारावं, की मृग लागतो तेव्हा आकाशात मृग का दिसत नाही, तर तो गप्प होतो. मृग लागतो म्हणजे सूर्य आकाशाच्या त्या भागात जातो. सूर्याच्या संगतीनं उगवणारं आणि मावळणारं नक्षत्र दिसणार कसं? ते बघायचं तर डिसेंबर-जानेवारीत, दिवेलागणीनंतर, पूर्वेला. चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागोमाग उगवणारा लखलखता व्याध. पिढ्यान् पिढ्या ज्या नक्षत्राच्या नावानं तिफण चालली, ते नक्षत्र डोळ्यांनी ओळखणारे विद्यार्थी वर्गात थोडेच निघतात.

संक्रांतीचंही तेच. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. मग संक्रांत सरकली कशी? आपलं पंचांग सूर्याची जागा ताऱ्यांच्या संदर्भात मोजतं. हे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं भरतं, कारण पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक संथ गिरकी घेतो. २०-२० मिनिटं साठत गेली की ७१-७२ वर्षांत एक दिवस होतो.  तिळगूळ सगळेच वाटतात, हा हिशेब मात्र कुणी मांडून दाखवत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाला खगोलशास्त्र शिकवायचं असेल तर ते इथून सुरू व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

आज ते असं सुरू होत नाही. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला खगोलभौतिकी भेटते ती बहुधा शेवटच्या वर्षात, ऐच्छिक विषय म्हणून. केप्लरचे नियम, ताऱ्यांच्या प्रतींचं सूत्र, वर्णपटांचे वर्ग, त्यावरची उदाहरणं. हे सगळं हवंच, पण त्यात रात्र कुठेच नसते. अख्खा अभ्यासक्रम ट्यूबलाइटखाली पार पडतो. आणि कला, वाणिज्य शाखेतल्यांच्या वाट्याला तेवढंही येत नाही. अमेरिकेत उलटं आहे. तिथे दरवर्षी दोन लाखांहून अधिक विद्यार्थी खगोलशास्त्राचा प्राथमिक पाठ घेतात आणि त्यातले बहुतेक विज्ञानाचे नसतातच. त्यांच्या आयुष्यातला तो विज्ञानाचा शेवटचा वर्ग असतो. उद्याचे शिक्षक, वकील, पत्रकार त्या वर्गात बसलेले असतात. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानं शाखेबाहेरचा विषय घेण्याची मुभा दिली आहे. ही संधी नुसत्या क्रेडिटच्या बेरजेत घालवू नये.

अशा वर्गाला दुर्बीण लागते, हा समज आधी काढून टाकायला हवा. काठी पुरते. कोपरगावचं सद्गुरू गंगागीर महाराज महाविद्यालय आणि कर्जतचं दादा पाटील महाविद्यालय, दोन्ही रयत शिक्षण संस्थेची. कोपरगाव साधारण १९.८८ उत्तर अक्षांशावर, कर्जत १८.५५ वर. समजा, २२ डिसेंबरला दोन्ही मैदानांत एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून अगदी सरळ उभी केली. दुपारी बाराच्या आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करत गेलं, की सर्वांत आखूड सावली सापडते. घड्याळ ती बारा वाजता दाखवणार नाही. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ दाखवतात आणि आपण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला आहोत, म्हणून खरी माध्यान्ह साडेबाराच्या आसपास येते. ती कोपरगावला कर्जतपेक्षा दोनेक मिनिटं उशिरा येते. कर्जतची सावली भरेल सुमारे ९० सेंटिमीटर, कोपरगावची सुमारे ९४. या चार सेंटिमीटरांत अख्खी पृथ्वी मावते. लांबीवरून सूर्याचे कोन काढले की फरक येतो १.३३ अंश. दोन गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर आहे सुमारे १४८ किलोमीटर. १.३३ अंशाला १४८, तर ३६० अंशांना किती? उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास येतं. एराटोस्थेनिसनं इजिप्तमध्ये बावीसशे वर्षांपूर्वी केलं ते हेच त्रैराशिक.

पण मला यातली खरी गंमत उत्तरात दिसत नाही. ती सावलीच्या कडेत आहे. काठीच्या टोकाची सावली धारदार नसते; सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे सावलीची कड दीड-दोन सेंटिमीटर पुसट होत जाते. मोजायचा फरक चार सेंटिमीटर आणि कड पुसट दीड-दोन सेंटिमीटर! खूण नेमकी कुठे करायची? कोपरगावच्या मुलानं गडद भागाच्या शेवटाला केली आणि कर्जतच्या मुलीनं फिक्या भागाच्या, तर पृथ्वी कितीतरी हजार किलोमीटरनं लहानमोठी होईल. मग दोघांनी फोनवर ठरवायचं, की पुसट पट्ट्याचा मध्य धरू. काही दिवस पुन्हा पुन्हा मोजू, सरासरी काढू. आणि शेवटी उत्तर लिहिताना किती चूक संभवते तेही लिहू. पुस्तकातला आकडा पाठ करणाऱ्याला ही अडचण कधी येत नाही, आणि म्हणून तो आकडा कुठून आला हेही कधी कळत नाही. बी.ए.च्या विद्यार्थ्याला वैज्ञानिक दृष्टिकोनावर निबंध लिहायला लावण्यापेक्षा एक दुपार या काठीशेजारी उभं करावं.

मे महिन्यात याच काठीची दुसरी बाजू बघता येते. आपल्या अक्षांशांवर वर्षातून दोनदा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाशी गडप होते. जुलैतला दिवस बहुधा ढगांत जातो, मेमधला हाती लागतो. कर्जतला तो १३ मेच्या सुमारास, अहिल्यानगर शहरात १५-१६ ला, कोपरगावला १९ च्या आसपास. बिनसावलीची दुपार जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडून उत्तरेला पाच-सहा दिवस चालत जाते.

सावली समजली की मग खोडदला जावं, आधी नव्हे. नगर-कल्याण रस्त्यानं टाकळी ढोकेश्वर ओलांडून आळेफाटा गाठला की नारायणगाव-खोडद जवळच. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, १४ मधोमध आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी ताणून या तबकड्या उभ्या केल्या, त्यामुळे वारा आरपार जातो, वजन घटतं आणि खर्चही. जागा निवडताना परिसरातली रेडिओ शांतता पाहिली, आणि अक्षांशही असा, की दक्षिणेकडचं बरंचसं आकाश आवाक्यात यावं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी तिथे शाळा-महाविद्यालयांची रीघ लागते. बहुतेक जण तबकडीसमोर फोटो काढून परततात. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा क्षीण संदेश सोडतो, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या संशोधनात याच दुर्बिणीनं जवळपास पावणेनऊ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला असा संदेश टिपला, हे ऐकून त्यांना नवल वाटतं. पण ‘हे कशावरून?’ असा प्रश्न विचारायची सवय त्यांना कुणी लावलेली नसते. चार सेंटिमीटरांसाठी झगडलेला विद्यार्थी तो विचारतो.

यंत्र असलं म्हणजे विद्या रुजतेच असं नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला या प्राध्यापकांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. वीस इंची आरशाची दुर्बीण, त्या काळातली देशातली सर्वांत मोठी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला त्यांनी जेऊरला तळ ठोकला. हे जेऊर आपल्या नगर तालुक्यातलं नव्हे. कर्जतच्या पलीकडचं, करमाळा तालुक्यातलं, रेल्वेमार्गावरचं. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच उतरले होते. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि साधनं कोडाईकनालला गेली. त्याच सुमाराच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांकडे बघावं. पेशानं शिक्षक. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ १८९६ मध्ये निघाला आणि अजून अभ्यासकांच्या टेबलावर आहे. एका माणसाच्या भोवती उभी राहिलेली दुर्बीण त्याच्या निवृत्तीबरोबर गेली, ग्रंथ मात्र वाचणाऱ्यांच्या हाती राहिला. महाविद्यालयात दुर्बीण घ्यायला पैसे मंजूर होतात, तेव्हा ती वापरणारी पोरं कुठे आहेत हे आधी विचारायला हवं.

याच वर्गात फलज्योतिषाचा प्रश्न येणार, आणि तो टाळू नये. प्राध्यापकानं हेटाळणी करण्यात काही अर्थ नाही. घरी पत्रिका पाहिली जाते, त्या घराचा अपमान करून विद्यार्थी शिकत नाही. जयंत नारळीकरांनी यासाठी चांगला रस्ता घालून दिला. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी २०० मुलांच्या कुंडल्या घेतल्या, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आली असती. हा प्रयोग वर्गात जसाच्या तसा उलगडावा: कुंडल्या कशा मिसळल्या, ज्योतिषांना काय सांगितलं, काय नाही. निष्कर्ष पोरं आपला आपण काढतील.

परीक्षेबद्दल माझं मत ठाम आहे. या विषयाचे निम्मे गुण निरीक्षणवहीला असावेत, आणि ती वही शेवटच्या आठवड्यात मित्राकडून उतरवलेलं जर्नल नसावं. सुरुवात चंद्रापासून करावी. अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. त्याच्या आरंभीच चंद्रकोर आहे. दर महिन्याची नवी कोर त्यांना तुरुंगातला आणखी एक महिना सरल्याची खूण होती. ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५, म्हणजे ९६२ दिवस ते या किल्ल्यात होते. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा धरला तर हे साडेबत्तीस महिने होतात, कॅलेंडरनं मात्र साडेएकतीसच्या थोडे वर. एवढ्या काळात जवळपास एक महिना जास्तीचा पडतो, आणि अधिकमास साधारण याच अंतरानं का येतो ते इथे कळतं. सहामाहीभर रोज चंद्राची वेळ, आकार आणि दिशा टिपली तर हे गणित वहीतच उभं राहील.

यावर एक आक्षेप नेहमी निघतो आणि तो खरा आहे: मुली रात्री थांबू शकत नाहीत. पाचची एसटी चुकली तर पारनेर-पाथर्डीकडच्या मुलीला घरी पोचायची भ्रांत. म्हणूनच आकाशदर्शन शहरातल्या महाविद्यालयाच्या गच्चीवर ठेवू नये, ते घरच्या अंगणात असावं. शहरातल्या एलईडीच्या उजेडापेक्षा तिच्या गावचं आकाश कितीतरी काळं आहे, आणि अकोल्याकडे भंडारदरा-रतनवाडीच्या बाजूला तर आकाशगंगा स्पष्ट दिसते. शेतीची वीज रात्री येते म्हणून उसाला दारं धरायला गेलेला मुलगा बांधावर तासन् तास जागा असतो. त्यानं उत्तरेकडे हात ताठ करून वीत ताणली तर क्षितिजापासून साधारण एका वितीवर ध्रुव सापडेल. आपला अक्षांश १९ अंश, म्हणून ध्रुवाची उंचीही १९ अंश. दारं धरून होईपर्यंत सप्तर्षी त्याच्याभोवती किती फिरले, ते तासाला पंधरा अंशांच्या हिशेबानं त्याला वहीत मांडता येईल. प्रयोगशाळेत जे उपकरणांअभावी अडतं, ते या दोघांना रोज फुकट मिळतं, फक्त त्याला गुण नाहीत.

२०१९ च्या अखेरीस आर्द्रेचा तांबडा तारा मंदावू लागला. एरवी तो रोहिणीपेक्षा ठसठशीत दिसतो. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो तिच्यापेक्षा बराच फिका पडला आणि मग हळूहळू पूर्ववत झाला. त्याच्यातूनच बाहेर फेकल्या गेलेल्या धुळीनं प्रकाश अडवला होता, असं पुढे निरीक्षणांतून दिसलं. हा फरक नुसत्या डोळ्यांना कळण्याइतका मोठा होता. ज्या मुलीच्या वहीत डिसेंबरपासून दर आठवड्याला ‘आर्द्रा मोठी की रोहिणी?’ एवढी एकच ओळ लिहिलेली असती, तिला ही बातमी वर्तमानपत्रातून कळायची गरज नव्हती. आर्द्रा पुढेही कमीजास्त होत राहणार आहे, आणि हिवाळ्याचं सत्र सुरू व्हायला आता फार दिवस उरलेले नाहीत.