यादीबाहेरची माणसे

परक्या भूमीवरून सैन्य मागे घ्यायचे ठरले, की राजधानीत एकच आकडा मांडला जातो: आता आपले किती जवान वाचतील. तो खोटा नसतो, अपुरा असतो. त्या सैन्याला वाट दाखवणारे, त्याच्यासाठी दुभाष्याचे काम करणारे, त्याच्या भरवशावर निवडणुकीला उभे राहिलेले लोक त्यात मोजलेलेच नसतात. सैनिक घरी जातात; या माणसांचे घर तिथेच असते.

आपल्याकडचे याचे उदाहरण श्रीलंकेचे. २९ जुलै १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. तमिळ वाघांची (एलटीटीई) शस्त्रे उतरवून घ्यायला गेलेली भारताची शांतिसेना ऑक्टोबरपासून त्यांच्याशीच लढू लागली आणि तिचे सुमारे बाराशे जवान कामी आले. मुंबईत जन्मलेले, आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. एवढे आपल्याला ठाऊक असते.

पुढचे फारसे सांगितले जात नाही. १९८८ मध्ये शांतिसेनेच्या छायेत उत्तर-पूर्व प्रांतात निवडणूक झाली आणि ईपीआरएलएफ या तमिळ पक्षाचे वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी भारताला निघून जायला सांगितले आणि वाघांना गुपचूप शस्त्रे पुरवली. आपल्यामागे पेरुमल सरकार टिकावे म्हणून भारताच्या मदतीने ‘तमिळ नॅशनल आर्मी’ उभी राहिली. तिच्यात भरतीसाठी तरुण, अगदी शाळकरी वयाची मुलेही जबरदस्तीने उचलली गेली. शांतिसेना एकेक भाग रिकामा करत गेली, मागोमाग वाघ येत गेले आणि ही अर्धवट शिकवलेली फौज कोसळली. अनेक मुले मारली गेली. २४ मार्च १९९० रोजी आपली शेवटची तुकडी निघाली. पेरुमल भारतात पोहोचले. पक्षाचे नेते पद्मनाभ यांना मात्र वाघांनी जूनमध्ये थेट मद्रासमध्ये गाठून मारले. नेत्याची ही गत, तर त्या पोरांना कोण विचारणार? भारताची बाजू त्यांनी निवडलीही नव्हती, तरी फितुरीची शिक्षा त्यांनाच झाली.

घाईगडबडीत असे व्हायचेच, हा नेहमीचा बचाव. फ्रान्सचा इतिहास तो टिकू देत नाही. अल्जीरियात फ्रेंचांच्या बाजूने लढलेल्या स्थानिक मुस्लिम सैनिकांना ‘हारकी’ म्हणत. अल्जीरिया सोडताना फ्रान्सने केलेल्या मार्च १९६२ च्या एव्हियां करारात सूड घेतला जाणार नाही अशी हमी होती. तरी हारकींची शस्त्रे काढून घेतली गेली. मे महिन्यात मंत्री लुई जॉक्स यांनी आदेश काढला: सरकारी योजनेबाहेर हारकींना फ्रान्सला आणणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई होईल. मागे राहिलेल्यांपैकी हजारो कापले गेले. काही अधिकाऱ्यांनी आदेश मोडून आपली माणसे आणली. तीही रिव्हसाल्तसारख्या छावण्यांत काटेरी तारांमागे राहिली. म्हणजे वाचवणे अशक्य नव्हते, नकोसे होते. राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी हारकींची माफी मागितली ती २० सप्टेंबर २०२१ रोजी, काबूल तालिबानच्या हाती पडल्याला जेमतेम पाच आठवडे झाले असताना.

काबूलला तर वेळही होता. अमेरिका आणि तालिबान यांचा दोहा करार फेब्रुवारी २०२० चा; त्यात अफगाण सरकारला स्थान नव्हते. दुभाष्यांसाठीची खास व्हिसा योजना त्याही आधीपासून होती, अर्ज मात्र कचेऱ्यांत तुंबलेले. मग ऑगस्ट २०२१ च्या अखेरच्या पंधरवड्यात लाखाहून अधिक माणसे विमानांनी काढली. कोण सुटले आणि कोण राहिले, हे पुष्कळदा विमानतळाच्या फाटकापाशी ठरले. भारतानेही त्याच महिन्यात अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले. पुण्यासारख्या शहरांत शिकणारे, पण तेव्हा मायदेशी असलेले विद्यार्थी तिकडेच अडकले.

याचा अर्थ सैन्याने कायम तिथेच राहावे, असा नाही. श्रीलंकेतून निघणे योग्यच होते. पण युद्ध सोडणे आणि माणसे सोडणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि दुसऱ्याला पहिल्याची सबब चालत नाही. मदतनिसांपैकी अनेकांची नावे लष्कराच्या कागदपत्रांत असतात. बाकीच्यांची यादी सुरुवातीपासूनच ठेवता येते. म्हणून हा प्रश्न परतीच्या वेळी नव्हे, जाण्याच्या वेळी संसदेत विचारला पाहिजे: जे आपल्या बाजूने उभे राहतील, त्यांना आपल्या देशात जागा आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्यांच्या हाती बंदूक देण्याचा अधिकार आपल्याला नाही.