बापाचा दोष सांगणं हे पाप का?

निपाणी सोडून कोल्हापूरच्या वाटेला लागलं, दूधगंगा ओलांडली की कागल येतं. आनंद यादवांचं ‘झोंबी’ (१९८७) याच मातीतलं, याच बोलीतलं. पोरानं शाळा सोडून रानात राबावं म्हणून बडवणारा बाप आणि तरीही शिकू पाहणारा पोर, यांची ही झटापट. १९९० साली पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अशी आत्मकथा वाचून कुणाचे डोळे भरतात; कुणी विचारतं, आईबापाला देव मानायचं तर त्यांची लक्तरं वेशीवर टांगणं हा अधर्म नव्हे का?

आक्षेप पोकळ नाही. पण आईबापाला देव मानायला सांगणारा तैत्तिरीय उपनिषदातला गुरू तिथंच थांबत नाही. आमचं चांगलं वागणं तेवढं उचल, बाकीचं नको, असंही तो त्याच उपदेशात बजावतो. म्हणजे आदर आणि पारख एकाच दमात सांगितली आहे. कठोपनिषदातला नचिकेत दूध आटलेल्या गाई दान देणाऱ्या बापाला टोकतो आणि यमाकडे पहिला वर मागतो तो बापाचा राग निवावा म्हणून. दोष दाखवला म्हणजे माया सुटली असं नव्हे. मग बापाची बाजू कुणी मांडायची? ‘झोंबी’तच दुसऱ्याच्या जमिनीत राबणारं, पोटाला पुरं न पडणारं घर दिसतं. त्यानं मार समजतो, योग्य ठरत नाही. वाचकाचा धर्मही एवढाच: बापाला सुळावर न चढवता पोराचं खरं मानणं.