चिमणीचे दार

काऊ-चिऊची गोष्ट ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. पावसात कावळ्याचे घर वाहून जाते आणि तो भिजत चिमणीच्या दाराशी येतो. चिमणी आतूनच त्याला थांबायला सांगते. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, टीट लावायची आहे, अशी एकामागून एक कारणे निघत राहतात. लहानपणी आम्हांला या गोष्टीतल्या चिमणीचे कौतुक वाटे. बाहेर भिजणाऱ्या कावळ्याकडे लक्ष जात नसे. गेल्या मे महिन्यात नातवंडांबरोबर चिमण्यांसाठी लाकडी घर करायला बसलो, तेव्हा मात्र ही गोष्ट निराळ्याच रीतीने आमच्यापुढे उभी राहिली.

काम तसे सोपे. पाऊण इंच जाडीची, रंग न लावलेली फळी, करवत, हातोडी, खिळे आणि सुताराकडून मागून आणलेले गिरमिट एवढ्यावर भागते. आत पाच इंच लांब-रुंद जागा राहील अशी पेटी केली. पाणी साचू नये म्हणून तळाला चार बारीक भोके पाडली. छप्पर पुढे उतरते ठेवले आणि वर्षातून एकदा साफसफाई करता यावी म्हणून ते जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकून उघडझाप करण्याजोगे केले.

मतभेद झाले ते याच्या पुढे. नातवाला घर लालभडक रंगवायचे होते. रंगाचा वास आणि गडद रंगाने आत कोंडणारी उष्णता पिलांना सोसत नाही, हे त्याला समजावावे लागले. मग दाराशी बसायला दांडी हवी, असा आग्रह निघाला. चिमणीला तिची गरज नसते. उलट हल्ला करणाऱ्याला ती आयता आधार देते. नातीला दार मोठे हवे होते, चिमणीला आत शिरताना त्रास नको म्हणून. पण दार सव्वा इंचाचेच ठेवावे लागते. त्याहून फार मोठे केले तर साळुंकी घर बळकावते. शेवटी, पेटी खिडकीसमोर टांगावी म्हणजे आपल्याला दिसेल, असे दोघांचे एकमत झाले. ती जागा उन्हाची आणि नैर्ऋत्येच्या पावसाच्या माऱ्याची होती. पेटी गेली घराच्या मागच्या बाजूला, पूर्वेकडे तोंड करून, दहा फूट उंच.

चारही वेळा देणाऱ्याची हौस एकीकडे आणि घेणाऱ्याची गरज दुसरीकडे, असा प्रसंग आला. मुलांचा हेतू चांगलाच होता. पण नाताळात गरजूंच्या घरी नेण्याच्या वस्तू निवडताना आम्ही मोठी माणसे तरी काय करतो? त्यांना काय हवे आहे, हे विचारण्याआधी आपल्याला काय द्यायला आवडेल, हेच ठरवतो.

पेटी टांगली आणि जून उजाडला. चिमणी आली नाही. नातू रुसून म्हणाला, “आपण एवढं केलं, तरी ती का येत नाही, आजोबा?” आम्ही उत्तर शोधत होतो, तोच नातीने विचारले, “पण आधी त्या कुठं राहायच्या?”

या साध्या प्रश्नाने आम्हांला गप्प केले. आधी त्या आमच्याच घरात राहत. वसईतले आमचे जुने घर कौलारू होते. वाशांच्या बेचक्यात, भिंतीच्या भोकांत, तसबिरींच्या मागे त्यांची घरटी असत. १९९८ च्या एप्रिलमध्ये आम्ही ते घर पाडून स्लॅबचे बांधायला घेतले. कौले उतरवताना एका कोपऱ्यात अंडी असलेली दोन घरटी निघाली. आई म्हणाली, “तेवढा कोपरा महिनाभर राहू दे. पिलं उडून जातील.” तिचा हिशेब बरोबर होता. चिमणी साधारण दोन आठवडे अंडी उबवते आणि त्यानंतर जवळपास तेवढ्याच दिवसांत पिले घरटे सोडतात. पण पाऊस तोंडावर आला होता, मजुरांचा रोज चालू होता. आम्ही थांबलो नाही. संध्याकाळी आईने ती घरटी स्वतः भरून नेली. आम्हांला काही बोलली नाही.

तर मग ही पेटी कोणते कृत्य? दया, की परतफेड? शुभवर्तमानातल्या जक्कयाने हा भेद अचूक ओळखला होता. अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, हे त्याने एक सांगितले. आणि ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत करीन, हे वेगळे सांगितले. पहिले दान, दुसरे देणे. दुसऱ्याला पहिल्याचे नाव देण्याचा मोह त्याला झाला नाही. आम्हांला झाला होता.

कोणी म्हणेल, पाखराचे कसले देणे? हा आक्षेप हलका नाही. बुद्धिहीन प्राण्यांशी माणसाची खऱ्या अर्थाने मैत्री होऊ शकत नाही, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडले; मात्र देवाच्या गौरवासाठी आणि इतरांच्या हितासाठी टिकावी अशी चांगली गोष्ट म्हणून त्यांच्यावर प्रेम करता येते, हेही त्यांनीच सांगितले. तेवढे मान्य केले तरी आमचे देणे फिटत नाही. ज्यांच्या वाट्याचा चिवचिवाट आम्ही कमी केला ती मुले समोर बसलेली होती. आणि ज्याने दोन नाण्यांना पाच विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकी एकीचाही विसर पडू दिला नाही, त्याच्याकडेही आमचे खाते आहेच.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत चिमण्यांची एकूण संख्या बरीचशी स्थिर असल्याचे आढळले. मोठ्या शहरांत मात्र ती घटली आहे. म्हणजे त्या कुठे तरी आहेत. आमच्याकडे का नाहीत, याचे उत्तर केवळ पेटीत नाही. लहान पिलांना किडे-अळ्या लागतात. अंगणभर लाद्या बसवून आणि कुंपणावर औषध फवारून त्या कुठून मिळणार? म्हणून यंदा एका कडेच्या लाद्या काढल्या, मेंदी वाढू दिली, फवारणी थांबवली.

देणेकरी पैसे घेऊन उभा राहिला म्हणून धनकोने धावत यावे, आभार मानावे, अशी अपेक्षा कोणी करत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी पेटी उघडली तेव्हा आत कोळ्याचे जाळे होते. ते झाडून नातीने झाकण लावले.

“अजून किती दिवस थांबायचं?” नातवाने विचारले.

आईने आमच्याकडे एकच महिना मागितला होता, ते आम्ही त्याला त्या दिवशी सांगितले.