नकार आणि सम्यक् व्यायाम



अष्टांगिक मार्गातील सहावे अंग सम्यक् व्यायाम. येथे व्यायाम म्हणजे प्रयत्न. मुलाचा नोकरीचा अर्ज परत येतो, मुलीला वसतिगृहात जागा मिळत नाही, दहावीला एका विषयात अपयश येते. मग आईबाप म्हणतात, 'आपल्या नशिबातच नाही.' बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे वाक्य शोभत नाही.

संबोधी प्राप्त झाल्यावर तथागत धम्म सांगण्यासाठी निघाले, तेव्हा वाटेत प्रथम उपक नावाचा आजीवक भेटला. 'असेलही' म्हणून त्याने मान हलविली आणि तो दुसऱ्या वाटेने निघून गेला. सारनाथला पाच जुन्या सोबत्यांनी तर त्यांना मान द्यायचा नाही, असे आधीच ठरविले होते. त्यांनी तीनदा शंका घेतली. तथागत रागावले नाहीत, परतलेही नाहीत. त्यांनी पुन्हा पुन्हा समजाविले. तेच पाच जण पहिले भिक्खू झाले.

आपल्या डहाणू तालुक्यातलेच उदाहरण घ्या. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झालेल्या. अशा मुलीचे आयुष्य संपले, असे तेव्हा समाज मानी. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पन्नाशी उलटल्यावर, १९६१ साली पदवीधर झाल्या. त्या आपल्या धम्मात आलेल्या नव्हत्या. पण त्यांचा व्यायाम सम्यक् होता.

पाड्यावरची मुले शाळेत येईनात. पोर शाळेत बसले तर गुरे कोण राखील, हा आईबापांचा प्रश्न खरा होता. बाईंनी त्यांना दोष दिला नाही. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच मुलाकडे गेली. पाड्याच्या अंगणात अंगणवाडी भरली, पुढे कोसबाडला गुराख्यांसाठी कुरणशाळा भरली. महाग साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. ध्येय तेच राहिले, वाट बदलली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर झाला आहे.

काही नकारांत मात्र अडचण नसते, अन्याय असतो. बाबासाहेबांना शाळेत जातीमुळे संस्कृत शिकू दिले नाही. त्यांनी फारसी घेतली. पण संस्कृत सोडले नाही, पुढे ते शिकलेच. १९२३ साली लंडनला त्यांचा प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला. पैसे संपल्याने ते मुंबईला आले, येथून प्रबंध सुधारून पाठविला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. झाले.

सम्यक् व्यायाम चार प्रकारचा आहे: न आलेले अकुशल येऊ न देणे, आलेले काढून टाकणे, नसलेले कुशल निर्माण करणे, असलेले वाढविणे. नकार आला की मनात दोन अकुशल गोष्टी शिरतात, दुसऱ्याचा द्वेष आणि स्वतःविषयी हीनपणा. त्या आधी काढा. मग नकार का आला, ते शांतपणे पाहा. दाखला अपुरा असेल तर पुरा करा. गणित कच्चे असेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलाकडे रात्री अभ्यासाला पाठवा. जात पाहून नाकारले असेल तर गप्प बसू नका; लेखी कारण मागा, चार जण मिळून दाद मागा.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल, तेव्हा ज्या घरी नकार आला असेल त्या घरच्या मुलामुलीला जवळ बसवा. वंदना झाल्यावर पुढची वाट सर्वांनी मिळून ठरवा आणि पुढच्या पौर्णिमेला त्याची विचारपूस करा.

नमो बुद्धाय! जयभीम!