बहात्तर हजार टाके

आमच्या शाखेत कुणी निवृत्त झालं की भाषणासाठी सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळतात. माझं वक्तृत्व हे त्याचं कारण नव्हे. "तू कुठेसं लिहितोस ना, मग बोल," असा तो सरळ हिशोब आहे. बी. कॉम. झालेल्या माणसाने लेख लिहिणं हा मुळात अपहारच, त्याची ही शिक्षा. तर गेल्या वर्षी आमच्या हेडकॅशियर बाई निवृत्त झाल्या तेव्हा मी बोललो, आणि बोलता बोलता साठ माणसांसमोर एक धडधडीत खोटं विधान करून बसलो. ते खोटं आहे हे त्या वेळी मला ठाऊक नव्हतं. आता तुम्हीच सांगा, बोलणाऱ्याला ठाऊक नसेल तर ते खोटं बोलणं होतं का? आणि दुसऱ्या दिवशी ठाऊक झाल्यावर त्याने गप्प बसणं, याला काय म्हणायचं? बँकेत याचं उत्तर सोपं आहे. चुकीची नोंद सापडली की उलट नोंद टाकायची आणि दोघांनी सह्या करायच्या. आयुष्यात ही सोय नाही.

झालं ते असं. निवृत्तीला शाल-श्रीफळ आलंच. पण सत्काराच्या शालींचं काय होतं हे कोण जाणत नाही? एका सत्कारात मिळालेली शाल कपाटात जाते आणि पुढच्या सत्काराला पिशवीतून बाहेर पडते. नोटेसारखी ती हातोहात फिरते, फक्त धारकास काहीही अदा करण्याचं वचन तिच्यावर छापलेलं नसतं. बाईंना असली फिरती शाल द्यायची नाही असं आम्ही ठरवलं. त्यालाही कारण होतं. बाई 1986 साली बँकेत लागल्या. त्या वेळची त्यांची लेजरं मी रेकॉर्डरूममध्ये पाहिली आहेत. काय ते अक्षर! मोत्याचे दाणे वगैरे सगळे म्हणतात, पण मोत्यांची बेरीज करता येत नाही. बाईंच्या आकड्यांची नुसत्या नजरेने व्हायची. पुढे संगणक आले आणि ते अक्षर चलनाच्या पावत्यांपुरतं उरलं. अशा बाईला गिरणीची शाल कशी द्यायची? हाताने विणलेलीच हवी, असा ठराव झाला. वर्गणी जमली आणि मी छातीवर हात मारून म्हटलं, "आमची आत्या विणते."

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. 1984 साली तिने स्वतःच्या शिलकीतून विणायचं मशीन घेतलं. विजेचं नव्हे, हाताने चालवायचं. टेबलाएवढ्या लांबीच्या पट्टीत 200 सुया ओळीने बसवलेल्या, आणि त्यांच्यावरून सरकवायचा एक ठोकळा. तो डावीकडून उजवीकडे 'खर्रर्र' सरकवला की एक ओळ विणून होते. त्यावर तिने गल्लीतल्या निम्म्या पोरांचे शाळेचे स्वेटर विणले आणि त्याच पैशात माझ्या आतेभावाच्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी भरली. आता ऑर्डरी नाहीत. आता छंद म्हणून ती जाळीच्या शाली विणते. दुपारी सुयांवर, आणि लहर लागली की मशीनवर.

शालीचं सांगितल्यावर आत्या म्हणाली, "दोन महिने लागतील." मध्ये एकदा प्रगतीची पाहणी करायला गेलो. (वर्गणी माझ्या हातातून गेलेली होती.) आत्या चहा टाकायला आत गेली. आतल्या खोलीत मशीनवर काहीतरी सायीच्या रंगाचं लटकत होतं, खाली वजनं टांगलेली. नातीचा फ्रॉक असेल, असं मी धरून चाललो. आता ठोकळा समोर दिसत असताना तो सरकवून न बघणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. मी सरकवला. खर्रर्र! तीनचार टाके सुटले. आत्या धावत आली, "अरे मेल्या, अजून जाळीची घरं हलवायची होती की मला!" म्हणाली, आणि आकड्याने सुटलेले टाके उचलून मला बाहेर हाकलून दिलं. चहा बाहेरच मिळाला.

भाषणाची तयारी मात्र मी कसून केली. ग्रंथालयातून पुस्तकं आणली. ब्रिटनच्या अगदी उत्तरेला शेटलंड बेटं आहेत आणि त्यांत उन्स्ट हे वस्ती असलेलं शेवटचं बेट. तिथल्या बायका मेंढीच्या मानेवरची मऊ लोकर बोटांनी उपटून काढत, केसासारखी बारीक कातत आणि तिच्या सहासहा फूट चौरस शाली विणत. अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार जाई. रशियात ओरेनबर्गला बकरीच्या लवेच्या शालींचीही हीच परीक्षा. आत्याची शाल घरी आल्यावर मी ही परीक्षा बायकोच्या अंगठीवर घेतली. शाल निम्म्यावर अडकली. बाजारची लोकर आणि उन्स्टच्या मेंढीची मान यांत फरक असणारच. ती सोडवायला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात अंगठी कुणी, कधी आणि किती वजनाची आणली होती हा जुना विषय पुन्हा निघाला. ते असो.

समारंभात मी गणित मांडलं. "180 टाक्यांची एक ओळ, अशा 400 ओळी. म्हणजे काठ सोडून 72 हजार टाके! आणि यातला एकेक टाका माझ्या आत्याने स्वतःच्या हाताने घातलेला आहे." टाळ्या पडल्या. बाईंनी डोळ्याला पदर लावला. रोकड कमी भरली तेव्हासुद्धा ज्यांचे डोळे मी कधी ओले पाहिले नव्हते, त्या बाई!

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन. "काय रे, आवडली का त्यांना? मशीनवर मधला भाग जरा ओढल्यासारखा आलाय का?"

मी म्हटलं, "मधला भाग कशावर?"

"मशीनवर. काठ तेवढा सुयांवर विणून जोडला. तू पाहिलास की, सरकवलास पण."

त्या रात्री मला झोप नाही. एक रुपयाचा फरक असला तरी रात्री आठपर्यंत बसून तो शोधणारी आमची जात. इथे तर 72 हजारांचा घोटाळा होता. रविवारी सकाळीच मी आत्याकडे पोचलो.

आत्याने शांतपणे मशीनवर टाके चढवले आणि मला स्टुलावर बसवलं. "हे बघ. मशीन नुसती सपाट ओळ विणतं. त्याला भोक पाडता येत नाही. ते मी पाडायचं." तीन दाती आकडा घेऊन तिने एका सुईवरचा टाका उचलला आणि शेजारच्या सुईवर ठेवला. सुई रिकामी झाली. पुढच्या ओळीला त्या रिकाम्या सुईवर धागा पडला आणि तिथे भोक तयार. हातावर विणताना हेच उलट्या क्रमाने: धागा पुढे घेऊन एक टाका वाढवायचा, म्हणजे भोक; आणि लगेच दोनाचा एक करून तो वाढलेला टाका कमी करायचा. नाहीतर शाल पसरत जाते.

मी स्टुलावरून उठलोच. अहो, हे तर आमचं द्विनोंदी हिशोबशास्त्र! प्रत्येक नावेला जमा! इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या साधूने ते 1494 साली व्हेनिसमध्ये छापलं आणि आम्हाला ते एफ. वाय.ला दोन टर्म पुरलं. आत्या मॅट्रिक झालेली, आणि तिच्या शालीचा ताळेबंद दर ओळीला जुळत होता.

पण माझा मुद्दा सुटला नव्हता. मी कागद काढला. एक ओळ सोडून एक ओळ जाळीची, म्हणजे 200 ओळी. ओळीला सरासरी तीस भोकं. म्हणजे 6 हजार. "आत्या, 72 हजारांत 6 हजार टाके तुझ्या हाताने हलवलेले. 8.33 टक्के." हा आकडा लिहिताना माझ्या अंगावर काटा आला, कारण कायद्याने किमान बोनस तेवढाच.

"आणि बाकीचे कुणी घातले? ठोकळा कोण सरकवत होतं, तुझे आतोबा?" आत्या म्हणाली. आतोबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांचाही शालीत हिस्सा होता म्हणा. धुतल्यावर जाळीची शाल बोळ्यासारखी दिसते. ती ताणून, टाचण्या लावून वाळवावी लागते तेव्हा कुठे फुलं उमलतात. आत्या ती त्यांच्या गादीवर टाचते आणि आतोबा दोन रात्री चटईवर झोपतात.

"पण मी सगळ्यांना हाताने विणलेली म्हणून सांगितलं ना," मी म्हटलं.

मग आत्याने चष्मा काढला. "मला एक सांग. हाताने विणली म्हटल्यावर लोकांना बरं का वाटतं? शाल तीच, ऊब तीच. माझा खांदा जास्त दुखला असता म्हणून बरं वाटतं का? सबंध सुयांवर विणली असती तर चार महिने लागले असते आणि हात वर होत नसता. मग ती खरी?"

मला उत्तर सुचलं नाही. मशीनवरून एवढी भांडणं झाली, ती या बाजूने कुणी पाहिली होती का, हेही आठवेना. 1589 साली विल्यम ली नावाच्या इंग्रजाने मोजे विणायचं पहिलं यंत्र काढलं. एलिझाबेथ राणीने त्याला एकाधिकार दिला नाही. हाताने विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल, असं ती म्हणाल्याची गोष्ट सांगतात. राणीबाई आमच्या युनियनच्या विचारांच्या दिसतात! पण ज्या उन्स्टच्या शालींचं मी भाषणात एवढं कौतुक केलं, त्यांचं दुसरं पानही त्याच पुस्तकात होतं आणि ते मी गाळलं होतं. 1872 साली सरकारी चौकशी झाली तेव्हा शेटलंडच्या बायकांनी साक्षी दिल्या, की दुकानदार शालीचे पैसे रोख देतच नाही. चहा घे, नाहीतर कापड घे म्हणतो. मग तो चहा विकून पीठ आणायचं. अंगठीतून जाणारी शाल विणून घरात चहाचे पुडे! हे निवृत्तीच्या समारंभात सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या नसत्या.

आणि दुसरं असं, की हाताचं म्हणून मोल वाढतं हेही सगळीकडे खरं नाही. जून आणि डिसेंबरअखेर बँकेत रात्र रात्र बसून व्याज हाताने काढत. संगणक आता एका रात्रीत ते आपलं आपण काढतो. "मला हाताने काढलेलं व्याज द्या, त्यात जिव्हाळा असतो," असं म्हणणारा खातेदार मला काउंटरवर आजवर भेटलेला नाही.

एवढं सगळं मनाला पटवलं, तरी खोटं विधान शिल्लक होतंच. शेवटी बाईंच्या घरी गेलो. उलट नोंद टाकायची म्हणजे टाकायची.

बाईंनी शाल कपाटात ठेवलेली नव्हती. खुर्चीच्या पाठीवर होती. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ती उलगडली. "तुम्हाला एक गंमत दाखवते. हे फूल बघा. सगळ्या फुलांना आठ पाकळ्या आहेत, याला सातच. एक भोक राहून गेलंय. शाल मी खूपदा पाहिली, पण हे पाहिलं तेव्हा खरं गलबलून आलं. मशीन कधी असं विसरत नाही. हे फूल विणताना त्या माउली दमल्या असतील हो."

मी त्या फुलाकडे पाहत राहिलो. शालीच्या मधोमध होतं. सायीच्या रंगाचं. ठोकळा सरकवल्याचा 'खर्रर्र' आवाज माझ्या कानात पुन्हा झाला.

गप्प बसलो असतो तर त्या खूश राहिल्या असत्या, हे मला समोर दिसत होतं. तरी सगळं सांगितलं. मशीन, काठ, तीस भोकं, 8.33 टक्के, आणि राहिलेलं आठवं भोक माझ्या कृपेने, हेही.

बाई काही वेळ बोलल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी पाकळ्या पुन्हा मोजल्या. हातात आलेलं बंडल पुन्हा मोजायचंच, ही सवय.

"2005 साली तुम्ही नवीन होतात," त्या म्हणाल्या, "तेव्हा एका व्हाउचरवर तुमचं एक शून्य राहिलं होतं. रात्री साडेनऊला मला सापडलं. आठवतंय?"

आठवत होतं.

"तसेच आहात." मग शालीची घडी घालता घालता त्यांनी विचारलं, "आणि आत्यांचा कुठला खांदा दुखतो?"

"उजवा. ठोकळ्याचा."

बाई आत जाऊन एक तेलाची बाटली घेऊन आल्या आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "रात्री झोपताना लावायला सांगा. मी पण हेच लावते. माझाही उजवाच. लेजरचा."