कमी म्हणजे किती?

बेळगावात टिळकवाडीचे व्हॅक्सिन डेपो मैदान ठाऊक नाही असा माणूस विरळा. त्या नावामागे वासरे आहेत, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसते. देवीची लस तेव्हा वासरांच्या कातडीवर वाढवून खरवडून काढीत. त्या लशीचे वण माझ्या पिढीच्या दंडांवर अजून आहेत. तेव्हा प्राण्यांवरील प्रयोगांविषयी सोवळेपणाने बोलण्याचा अधिकार निदान आम्हांला नाही.

तरी हा वापर घटवायला मुदत घालावी काय, हा प्रश्न उरतोच. १९५९ साली रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा, अशी त्रिसूत्री मांडली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तारखा ठरवल्या: सस्तन प्राण्यांवरील चाचण्यांची मागणी २०२५पर्यंत ३० टक्क्यांनी घटवायची, २०३५पर्यंत बंद करायची. यातला ‘सस्तन’ हा शब्द मला खटकतो. सशाऐवजी मासा घेतला की आकडा सुधारला! शिवाय गोष्ट वाईटच असेल तर तिला सोळा वर्षांची सवलत कशाला?

माझे उत्तर टक्केवारीत नाही. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही धास्ती आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ती लस मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून, तो मेंदू घोटून करीत. क्वचित तिनेच रुग्णाला पक्षाघात होई. पुढे पेशींवर वाढवलेली लस आली. दंडावर मोजक्या सुयांत काम भागू लागले. पण ती महाग, म्हणून गरिबाच्या वाट्याला मेंढीचीच लस येत राहिली. २००४च्या अखेरीस भारतात तिचे उत्पादन थांबले. अमुक लस, अमुक पर्याय, अमुक दिवस: याला मी ध्येय म्हणतो. मात्र पर्याय खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत पोचवण्याचा खर्च त्यातच धरलेला हवा. नाहीतर मेंढी वाचायची आणि पोर जायचे.

नव्या लशीचे हातही अगदी स्वच्छ नाहीत म्हणा. तिच्यासाठी पुष्कळ ठिकाणी वापरतात त्या व्हेरो पेशी १९६२ साली जपानात एका आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातून घेतल्या. त्या एकाच्या जिवावर आजवर वाढत आहेत. हा हिशेब मला पटतो. पण लशीचा जोर पाहण्यासाठी कित्येक ठिकाणी अजून लस दिलेल्या उंदरांच्या मेंदूत विषाणू टोचतात आणि किती मेले ते मोजतात. पुढची तारीख हवी ती या उंदरांसाठी. लशीतले विषाणूचे प्रथिन थेट मोजणारी चाचणी हाताशी आहे.