सृष्टीची झीज आणि विनोबांचा यज्ञ

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. सतराव्या अध्यायापाशी आल्यावर विनोबांनी यज्ञाचा अर्थ होमकुंडापलीकडे नेला. माणूस सृष्टी वापरतो, त्यामुळे तिची झीज होते. ती झीज भरून काढायची, बिघडवलेलं शुद्ध करायचं आणि नव्याची निर्मिती करायची, हा यज्ञ. समाजाचं ऋण दानाने फेडायचं आणि शरीराची शुद्धी तपाने करायची. तिन्ही एकत्र चालले, तरच जीवनाचा तोल राहतो.

हवेतला कार्बन डायऑक्साइड यंत्रांनी शोषून जमिनीत पुरण्याचे प्रयोग आता सुरू आहेत. विनोबांच्या कसोटीवर त्यांना यज्ञ म्हणता येईल का?

झीज आधी मोजली पाहिजे. वर्धा नदीच्या खोऱ्यातला दगडी कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना आहे. शेजारच्या चंद्रपूरच्या वीज केंद्रात असा कोळसा रोज जळतो. एक टन कार्बन पूर्ण जळाला, की सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत.

माणसाने सोडलेल्या या वायूचा साधारण चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. पाण्यात त्याचं आम्ल होतं आणि प्रवाळाला चुनखडीचा सांगाडा बांधायला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. पाणी तापलं, की प्रवाळ आपल्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि पुष्कळदा मरतो. मालवणच्या किनाऱ्यालगत आणि विजयदुर्गपासून दूर, आंग्रिया बँकेवर, महाराष्ट्राचे प्रवाळ आहेत. त्यांनी कुणाचाही कोळसा जाळलेला नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचा संसार उभारणारे जे. सी. कुमारप्पा यांनी कोळशावर विसंबण्याचा धोका वेगळ्या वाटेने ओळखला होता. कोळसा आणि खनिज तेल म्हणजे मर्यादित साठा. वाहतं पाणी, वाढणारं झाड म्हणजे चालू प्रवाह. साठ्यावर उभी राहिलेली अर्थव्यवस्था भांडणांकडे आणि हिंसेकडे नेते, असं ते बजावत.

आता यंत्राकडे पाहू. आइसलँडमध्ये २०२१ साली सुरू झालेल्या 'ऑर्का' प्रकल्पाची क्षमता वर्षाला ४,००० टन वायू शोषण्याची. जग इंधनं जाळून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन वायू सोडतं. म्हणजे ऑर्काची वर्षभराची मेहनत जग साडेतीन सेकंदांत पुसून टाकतं.

विदर्भाच्या शिवारातही एक वाट आहे. कापूस वेचून झाला, की पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, बहुधा धुऱ्यावर पेटवल्या जातात. त्याच पऱ्हाट्या कमी हवेत भाजून कोळसा केला आणि मातीत मिसळला, तर त्यातल्या कार्बनचा मोठा भाग शेकडो वर्षं जमिनीत टिकतो. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन मातीच्या हवाली होतो. झीज भरण्याचं हे खरं काम आहे, पण खाणीतून निघणाऱ्या कोळशापुढे तेही लहानच.

म्हणून उत्तर स्पष्ट आहे. एका हाताने साठा उपसत दुसऱ्या हाताने वायू पुरणं हा यज्ञ नव्हे. प्रायश्चित्तही पाप थांबवल्यावरच लागू पडतं. कार्बन पकडण्याची यंत्रं हवीत, पऱ्हाट्यांचा कोळसाही हवा. मात्र वापर आवरण्याचं तप आधी, आणि ते सुरू करायचं आहे सर्वांत जास्त जाळणाऱ्यांनी.